हात जोडणारा तहानासुर

सटवानं आजवर इतक्या पोरी सासरी धाडल्या होत्या की त्या सगळ्या एका जागी बसवल्या असत्या तर दोन एसट्या भरल्या असत्या. त्याला स्वतःला मात्र पोरगी नव्हती. एक मुलगा होता, अंगद, तो माजलगावकडं साखर कारखान्यात कामाला. बाकी घरात सटवा, त्याची बायको सारजाबाई आणि अंगणात जाळीच्या कुंपणात कोंडलेली मेंढरं.

पोरी धाडल्या त्या रविराजच्या गोष्टींत. हा रविराज केजचा. लग्नाची शूटिंग करायचा. लग्नसराई संपली की कॅमेरा रिकामा पडायचा, म्हणून त्यानं मोबाइलवर बघायच्या छोट्या गोष्टी काढायला सुरुवात केली आणि त्याला नाव दिलं 'बांधावरची भानगड'. पहिलीच गोष्ट हुंड्याची होती. शूटिंग युसूफ वडगावच्या शिवारात. पोरीचा बाप होणारे मास्तर आदल्या दिवशी कुणाच्या तरी जेवणावळीत जास्त जेवले आणि घरातून बाहेर पडेनात. शेजारच्या रानात सटवाची मेंढरं चरत होती आणि सटवा काठीवर हनुवटी टेकून ही गंमत बघत उभा होता. त्याच्या डाव्या डोळ्याला लहानपणी बाभळीचा काटा लागला होता. वारं सुटलं की त्या डोळ्यातून पाणी गळायचं. त्या दिवशी वारं होतं. रविराजनं कॅमेऱ्यातून सहज तिकडं बघितलं आणि त्याला मास्तरांची गरज उरली नाही.

"हात जोडा आणि म्हणा, माझ्या पोरीला संभाळून घ्या," एवढंच त्यानं सांगितलं होतं. सटवानं हात जोडले, वारं आलं, डोळा गळला. गोष्ट बघून नेकनूरपासून अंबाजोगाईपर्यंतच्या बाया रडल्या.

तेव्हापासून सटवा म्हणजे पोरीचा बाप. पोरगी शिकलेली असो, अडाणी असो, पळून गेलेली असो की सासरी छळलेली असो, शेवटी सटवा हात जोडून उभा. एकदा रविराजनं बदल म्हणून त्याला डॉक्टर केलं. बघणाऱ्यांनी गोष्टीखाली लिहिलं, 'ह्या डॉक्टरची पोरगी कुठं दिली?' रविराजनं पुढच्या भागात त्या डॉक्टरला पोरगी दिली.

त्याचा ताप सारजाबाईला. ती बाजाराला गेली की भाजीवाली कोथिंबिरीची जुडी फुकट टाकायची आणि हळूच विचारायची, "मावशे, धाकलीचं जमलं का कुठं?" सारजाबाईनं सुरुवातीला खरं सांगून बघितलं. मग लोक तिच्याकडं आणखीच कीव येऊन बघायला लागले, की बिचारीला दुःख इतकं झालंय की पोरी हायत हेच कबूल करीना. तेव्हा तिनं कोथिंबीर घ्यायला सुरुवात केली.

"फुकटची कोथमीर हाय ना," सटवा म्हणायचा.

"कोथमिरीला मी जाती विकत आणायला. पर लोकं माझ्याकडं बघून तोंड कसं करत्यात, त्ये तुमी बघा एकदा."

खलनायक कोण हे रविराजच्या गोष्टींत ठरलेलंच होतं. विठ्ठलराव. गावचे माजी सरपंच, मोठे बागायतदार. रविराजला शूटिंगला गोठा, रान आणि वीज त्यांचीच. त्यामुळं दुष्ट सासरा, दुष्ट सावकार, दुष्ट पुढारी, जे काही दुष्ट असेल ते विठ्ठलराव. मिशी त्यांची घरचीच होती आणि हसणं असं, की बैल दावं तोडायचे. गोष्टीत सटवानं त्यांच्या पायावर पटका ठेवायचा आणि त्यांनी तो पायानं उडवायचा. बिनकॅमेऱ्याचा मात्र त्यांनी सटवाला कधी त्रास दिला नव्हता. फक्त "सटवा" म्हणून हाक मारली की ती हाकच पायानं उडवल्यासारखी यायची.

मे महिन्याच्या सुरुवातीला अंगदचा फोन आला. तो फोनवर कधी एवढा बोलत नसे.

"आई, आबाला दे. न्हाई, तूच ऐक. तहानासुर काढायलेत."

"कोण?"

"तहानासुर. मी लहानपणी चित्राची पुस्तकं वाचायचो, बसस्टँडवरून आणायचो, ध्यानात हाय का? त्यातला. मेघवीरचा वैरी."

सारजाबाईला पुस्तकं आठवत होती. त्यांची पानं तिनं चुलीला लावली होती. पण ते तिनं फोनवर सांगितलं नाही.

अंगदच्या वयाची सगळी पोरं तहानासुराला भ्यायची म्हणे. तो नद्या पिऊन टाकणारा, विहिरी कुलुपात ठेवणारा, जगातलं सगळं पाणी आपल्या किल्ल्यात कोंडून बसलेला.

"आसले आपल्याकडं लई हायत की," सारजाबाई म्हणाली. "टँकर हाय त्यांचा."

आता त्या पुस्तकांवरून पुण्याची एक कंपनी मालिका करणार होती, मोठी, मोबाइलवर बघायची, पैसे भरून. कलाकार निवडायचं काम ज्या मुलीकडं होतं ती मूळची माजलगावची, ऋतुजा. तिला तहानासुर दुष्काळी भागातला, खऱ्या चेहऱ्याचा पाहिजे होता. रविराजनं तिला विठ्ठलरावांचं काम पाठवलं. तिनं बघितलं आणि उलट निरोप दिला, की मिशीवाल्यांना बघते, पण त्यांच्या पायाशी जे हात जोडून उभे आहेत त्यांनाही बोलवा. रविराजनं तेच अंगदला कळवलं होतं.

सारजाबाईनं हे सटवाला सांगितलं तेव्हा तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं काटा काढून झाल्यावर मान वर केली.

"मला? राक्षस?"

"तिचा डोळा चुकला आसंल. तुमी काय मनाला लावून घेऊ नका."

सटवानं मेंढीचा पाय खाली सोडला. मग म्हणाला, "सारजे, हात दुखायलेत माझे. जोडून जोडून. रविराज बी परवा म्हनला, काका, लोकांना आता तुमचं रडनं पाठ झालंय, पुढच्या भागाला दुसरा बाप बघावा लागंल. म्हंजे आता ह्ये बी गेलं. पोरीचा बाप म्हनून बी न्हाई." तो काटा त्यानं बोटात धरून ठेवला होता. "मला एकदा कुनीतरी भ्यावं. खोटं खोटं का हुईना."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसानं काही मागितल्याचं सारजाबाईच्या आठवणीत नव्हतं. जेवणात मीठ कमी असलं तरी तो मागत नसे, तसाच खायचा. म्हणून तिनं त्याची थट्टा करायचा बेत रद्द केला आणि चुलीपुढून उठली.

"मग शिका की. आजच्यापसनं."

अडचण अशी होती की सटवाला कुणावर ओरडता येत नव्हतं. मेंढरांना हाकारायला आवाज खणखणीत, पण समोर माणूस आला की तो आवाज कुठं जायचा कुणास ठाऊक. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यालासुद्धा तो "जा की बाबा आता" म्हणायचा. कुत्रं जात नसे.

शिवाय निवडीच्या परीक्षेत करून दाखवायचा प्रसंग अवघड होता. अंगदनं तो फोनवर वाचून दाखवला. मेघवीर खांबाला बांधलेला आहे. तो तीन दिवसांचा तहानलेला. "पाणी" म्हणतो. तहानासुर पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन येतो, त्याच्या तोंडाजवळ नेतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळं पाणी मातीत ओततो.

"सांडायचं?" सटवानं विचारलं.

"व्हय आबा."

"समदं?"

"समदा तांब्या."

"मग त्याला काय पाजायचं?"

"त्याला पाजायचंच न्हाई, आबा. त्योच तर दुष्टपना हाय."

सटवानं फोन सारजाबाईच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. बाहेर उन्हानं आभाळ पांढरं पडलं होतं. गावात टँकर चार दिवसांआड यायचा. बायका भांडी घासलेलं पाणी सुद्धा जनावरांच्या पाटीत टाकत होत्या.

सराव सारजाबाईनं घेतला. मेघवीर कुठून आणायचा? ती स्वतःच छपराच्या मेढीला टेकून बसली आणि मेंढरं बांधायच्या दोरीनं आपल्याला बांधून घ्यायला लावलं. सटवानं दोरी बांधली ती अशी, की हात उचलला तर सुटावी.

"घट बांधा. राक्षस हायसा."

"वळ उठंल."

"उठू द्या."

त्यानं थोडी घट्ट केली. मग रिकामा तांब्या घेऊन समोर उभा राहिला. रिकामाच, कारण भरलेला सांडायला सारजाबाईचीही तयारी नव्हती.

"पानी," सारजाबाई म्हणाली. तिनं आवाज बऱ्यापैकी कोरडा काढला होता.

"आनतो," सटवा म्हणाला आणि आत गेला.

हे तीनदा झालं. चौथ्या वेळी ती चिडली. "अवो, तुमच्या हातात तांब्या असतानाच आत का म्हनून जाताव? द्यायचं न्हाई मला. माझ्यावर वरडा. म्हना, मर तहानेनं."

सटवानं डोळे मिटले, छाती भरून घेतली, मेंढरांना हाकारायचा आवाज काढला आणि म्हणाला, "मर तहानेनं."

नेमकी त्याच वेळी शेजारची केसरबाई ताक मागायला कुंपणाच्या आत आली. तिला दिसली ती मेढीला बांधलेली सारजाबाई आणि तिच्यापुढं तांब्या धरून ओरडणारा सटवा. ताकाचं भांडं तिथंच टाकून ती माघारी पळाली.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की सटवा बायकोला बांधून घालतो आणि पाणी देत नाही. आणि कधीपासून, तर पोरीच्या लग्नाचं टेन्शन आल्यापासून. केसरबाई दोन बाया घेऊन पुन्हा आली तेव्हा सारजाबाई भाकरी थापत होती. "वळ दाखव," केसरबाई म्हणाली. दुर्दैवानं वळ होता.

"आगं केसर, मीच म्हनलं त्यांना, घट बांधा म्हनून."

तिन्ही बायांनी एकमेकींकडं बघितलं. मारणाऱ्या नवऱ्याची बायको हेच बोलते, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत सटवा गेला तर दोघांनी त्याला पुढं जाऊ दिलं. पारावर पत्ते खेळणाऱ्या माणसांचं बोलणं त्याला बघून थांबलं. कुणी तरी त्याच्याकडं पहिल्यांदाच जरा भिऊन बघत होतं. सारजाबाईला वाटलं, दोन दिवस चालू द्यावं असंच, सवय होईल. पण सटवाला ते सहन झालं नाही. तो घरोघर गेला आणि प्रत्येक दारात हात जोडून म्हणाला, "सराव हुता जी. खोटं हुतं." हात जोडले, वारं होतं, डोळा गळला. लोकांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, धाकलीचं काय झालं.

विठ्ठलरावांनी हे ऐकलं आणि गोठ्यात बसून पोटभर हसले. "सटवा तहानासुर व्हनार म्हनं. आरं त्याला रडायला सांगा बे, जमंल. राक्षसाला छाती लागती."

परीक्षा विठ्ठलरावांच्याच गोठ्यात होती. ऋतुजा गाडीतून उतरली. जीन्स, खांद्याला पिशवी, पण आल्या आल्या रांजणातलं पाणी ती तांब्या वरून धरून घटाघटा प्याली, तेव्हा सारजाबाईला ती माजलगावची आहे हे पटलं. विठ्ठलरावांच्या बायको छबुबाई बाजेवर बसून सगळ्यांना चहा देत होत्या. मेघवीर म्हणून रविराजचा कॅमेरा सांभाळणारा लखन खांबाला बांधला होता.

सटवाला यायला उशीर झाला. सकाळीच एक मेंढी व्यायली होती. घोंगडीत कोकरू आणि मागं मेंढी असा तो आला.

"काका, जनावर बाहेर बांधा," रविराज म्हणाला.

"उनात न्हाई बांधत. वली बाळंतीन हाय. कोपऱ्यात उभी ऱ्हाईल, गडबड न्हाई करायची."

आधी विठ्ठलराव. त्यांनी काळा झगा कुठून तरी शिवून आणला होता. त्यांनी तांब्या उचलला, लखनच्या तोंडाजवळ नेला, गोठा दणाणेल असे हसले आणि सगळं पाणी जमिनीवर धाडकन ओतलं. गोठ्यात बसलेल्या माणसांच्या तोंडातून आपोआप "अरारा" आलं. पण ते राक्षसाला भिऊन नव्हतं.

"अजून एकदा घेऊ," ऋतुजा म्हणाली.

विठ्ठलरावांनी पुन्हा ओतलं. मग डाव्या बाजूनं घेऊ म्हणाले, पुन्हा ओतलं. चौथा तांब्या भरायला ते रांजणाकडं गेले तेव्हा छबुबाई बाजेवरून उठल्या आणि रांजणावर झाकण ठेवून त्यावर हात ठेवला.

"अवो, टँकर परवा येनार हाय. हसायचं तेवढं हसा. पानी पुरं झालं."

"कला हाय ही, छबू."

"आसंल. मातीनं करा."

विठ्ठलराव घाम पुसत बाजूला बसले. ऋतुजानं कागदावर काही लिहिलं नाही. "आता काका," ती म्हणाली.

छबुबाईंनी सटवाच्या हातात एक तांब्या दिला, त्याच्या बोटांवर बोटं दाबून म्हणाल्या, "तुमाला एवढाच हाय, भाऊ."

सारजाबाईला बसवेना. ती उभी राहिली. तिला पुढचं सगळं दिसत होतं. लखन पाणी म्हणणार आणि हा माणूस देणार. देणार आणि वर "अजून आनू का" म्हणणार. सगळे हसणार. रविराज नवा बाप शोधणार आणि हा घरी येऊन मेंढरांच्या खुरातले काटे काढत बसणार, काही न बोलता. न बोलणंच तिला नको होतं.

"चालू," रविराज म्हणाला.

लखन सकाळपासून बांधलेला होता. विठ्ठलरावांचं पाणी तीनदा त्याच्या ओठाजवळ येऊन गेलं होतं. त्याला काही करून दाखवायची गरज नव्हती. "पाणी," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सटवा पुढं गेला. तांब्या त्यानं लखनच्या तोंडाजवळ नेला. लखननं मान पुढं केली. सटवाचा हात थांबला. त्यानं खाली मातीकडं बघितलं. ओली माती अजून दिसत होती, विठ्ठलरावांनी केलेली. त्याचा हात तिकडं वळेना.

तेवढ्यात कोपऱ्यातली मेंढी ओरडली. बारीक, घशातल्या घशात.

सटवानं तिकडं बघितलं. मग लखनकडं बघितलं. आणि अगदी मऊ आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसं, तो म्हणाला, "थांब बाळा."

तो वळला, कोपऱ्यात गेला, उकिडवा बसला. एक घमेलं पडलं होतं ते त्यानं पटक्यानं पुसलं, पाणी त्यात ओतलं, थेंब न सांडता, आणि मेंढीपुढं धरलं. मेंढी प्यायला लागली. पिण्याचा आवाज सगळ्या गोठ्यात ऐकू येत होता. सटवा तिच्या मानेवरून हात फिरवत होता. लखन खांबाला बांधलेला तसाच, मान पुढं काढून बघत होता. मधेच सटवानं खांद्यावरून मागं वळून त्याच्याकडं पाहिलं. वारं नव्हतं, पण डावा डोळा गळत होता.

"माणसाला तोंड हाय," तो मायेनं म्हणाला. "त्ये मागतंय. मुक्या जिवाचं आधी."

मेंढी पीत राहिली. घमेलं चाटून साफ केलं. सटवानं तिचं तोंड पटक्यानं पुसलं, कोकरू तिच्या कासेला लावलं, ते लागलं की नाही बघितलं, आणि मग रिकामा तांब्या घेऊन लखनसमोर येऊन उभा राहिला. त्यानं तांब्या उलटा करून बघितला. त्यात काही नव्हतं. "सरलं," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

चहाची कपबशी हातात धरून छबुबाई तशाच बसल्या होत्या. विठ्ठलरावांनी झग्याची कड मुठीत धरली होती. रविराज थांबायला सांगायचं विसरला.

मग सटवानंच हात जोडले. "चुकलं जी माझं. मातीत न्हाई वतवलं मला. त्या पोराला पानी द्या आधी कुनीतरी." आणि त्यानं स्वतःच दोरी सोडायला घेतली.

लखन रांजणाकडं गेला आणि दोन तांबे प्याला. मग सटवापासून जरा लांब उभा राहून म्हणाला, "काका, शेवटी देनार व्हते का न्हाई तुमी मला?"

"देनार व्हतो की. तिचं झाल्यावर."

"पर तिचं झाल्यावर उरलंच न्हाई."

"व्हय," सटवा म्हणाला. "त्येच तर."

लखन आणखी एक पाऊल मागं गेला.

विठ्ठलरावांना आता बोलणं भाग होतं. "हा कसला राक्षस, ताई? मेंढी पाजत बसला. लिहिल्यालं बी केलं न्हाई."

ऋतुजा अजून कोपऱ्यातल्या घमेल्याकडंच बघत होती. "तुम्ही हसलात की मला लगेच कळतं, हा माणूस पाणी देणार नाही," ती म्हणाली. "ह्यांचं मला शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटत होतं, आता देतील." मग तिनं सटवाला विचारलं, "काका, पुन्हा कराल का असंच? काही न बदलता?"

"पुन्हा? तिला आता तहान न्हाई, ताई."

ऋतुजानं पिशवी आवरली आणि कळवते म्हणाली.

घरी येताना सटवा पुढं, मेंढी मधे, सारजाबाई मागं. तो अर्ध्या वाटेत म्हणाला, "बिघडलं सगळं. एवढा एक तांब्या वतायचा हुता. इठ्ठलरावानं तीन वतले." घरी आल्यावर सारजाबाईनं चूल पेटवली, भाकरी केल्या, कालवण केलं. वाढताना ताट जरा जोरात ठेवलं.

सटवानं घास घेतला नाही. "तू बघत व्हतीस. तुला काय वाटलं? भ्या वाटलं का?"

"न्हाई."

त्याचा चेहरा पडला.

"राग आला," सारजाबाई म्हणाली.

"कशाचा?"

"अंगदच्या वक्ताला मी पोटुशी व्हते. धरणाकडं गेलतो आपुन मेंढरं घिऊन, सिंदफनेच्या काठानं. पानी आटलं व्हतं तवा. तुमी लांबून एक कॅन आनला. मी पालाच्या मेढीला टेकून बसलेली, जीभ टाळूला चिकटलेली. पानी म्हनलं. तुमी म्हनलाव, थांब. आन् त्या कोकराला पाजलं. मग त्याच्या आईला. माझ्याकडं बघून हासत व्हताव. लई मायेनं. मग म्हनलाव, सरलं."

सटवा आठवू लागला. कपाळाला आठ्या पडल्या, मग एकदम तोंड उजळलं.

"त्ये कानाला पांढरा ठिपका आसल्यालं कोकरू?"

सारजाबाईनं भाकरीचं टोपलं बाजूला सरकवलं.

"लई गुनाची निघाली ती पुढं मेंढी," सटवा म्हणाला. "दर साली जुळं द्यायची. तिचाच वंश हाय आज सकाळी व्यायली ती." आणि तो आनंदानं घास घेणार, तोच थांबला. काहीतरी त्याच्या ध्यानात येत होतं, पण सगळं येत नव्हतं. "मग तू काय प्यालीस तवा?"

"तुमी परत गेलाव आनायला. तोवर मी तुमाला शिव्याशाप समदं म्हनून घेतलं. तुमच्या आईला बी म्हनलं."

"मी परत गेलो ना पर?"

"गेलाव. म्हनून तर नांदले."

सटवानं ताटाकडं बघितलं. मग उठला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तिच्यापुढं ठेवलं. ती प्याली नाही. तिला तहान नव्हती. पण तांब्या तिनं सरकवलाही नाही. तिला हसूही येत होतं आणि त्या गोठ्यात बसलेल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसंही वाटत होतं, की बायांनो, ह्यात अभिनय कसला, मी ह्या खांबाला लग्न झाल्यापासनं बांधलेली हाय.

दोन दिवसांनी दुपारी ऋतुजाचा फोन आला. सटवा रानात होता, म्हणून तो सारजाबाईनं घेतला. तहानासुर सटवाकाकाच करणार, असं ठरलं होतं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ते चित्रीकरण बघितलं आणि म्हणे बघून झाल्यावर उठून पाणी प्याले. आता शूटिंगच्या आधी काकांना महिनाभर पुण्याला पाठवा, तिथं अभिनय शिकवणारे एक मोठे सर आहेत, ते राग कसा आणायचा, डोळे कसे फिरवायचे, हसायचं कसं, सगळं बसवून घेतील.

सारजाबाईनं फोन ह्या कानावरून त्या कानाला नेला. कुंपणाच्या आत सटवा मेंढरं घेऊन नुकताच शिरला होता. उन्हानं काळाठिक्कर पडला होता, ओठ सुकलेले. ती दारात उभी होती, हातात फोन, समोर भरलेली बादली. त्यानं तिच्याकडं बघून मायेनं मान हलवली, बादली उचलली, आणि मेंढरांच्या पाटीकडं गेला.

"ताई," सारजाबाई फोनमध्ये म्हणाली, "त्यांना पुन्याला न्हेऊन काय बी शिकवू नका. दुष्टपना करायला लागले तर बिगडत्याल. फकस्त मेंढी संगट ठिवा."